संविधान सभा, एका वेळी एक बैठक: कामाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४, सोमवार

काम आज सुरू केलं. ७८ वर्षांपूर्वी याच तारखेला, सकाळी ११ वाजता, दिल्लीत संविधान सभेची पहिली बैठक भरली. तोही सोमवारच होता. २०७ सदस्य हजर होते आणि वयाने ज्येष्ठ म्हणून सच्चिदानंद सिन्हा तात्पुरते अध्यक्ष झाले.

ठरवलंय ते असं. सभेच्या ११ सत्रांत मिळून १६५ दिवस बैठका झाल्या. त्या ओळीने वाचायच्या, एका वेळी एकच. वाचून झाली की मराठीत सार लिहायचं, वहीचं एक पान, फार तर दोन. लेकीने पुण्याहून लोकसभा सचिवालयाने पुन्हा छापलेला संच आणून दिला. १२ खंड, पाच जाड पुस्तकांत बांधलेले. म्हणाली, "बाबा, याचं सार कुठेही तयार मिळेल." मिळेल. मला ते स्वतःच्या हाताने करायचंय.

३४ वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो. लोकांचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून घेणं हीच नोकरी. २०२१ साली ५८ पूर्ण झाली, निवृत्त झालो आणि नंतरची तीन वर्षं लोकांचं बोलणं अर्धवट ऐकण्यात गेली. सकाळी उठल्यापासून फोन, दुपारी चॅनेल. कुणाचं तरी एक वाक्य, त्यावर दुसऱ्याचं अर्धं. रात्री पाठ टेकली तरी डोक्यात भांडण चालू. दिवस कसा गेला हे सांगता यायचं नाही, राग कुणाचा आला ते मात्र लक्षात असायचं. हिने एकदाच सांगितलं, "अहो, जेवताना तरी त्यांना गप्प करा." त्या दिवशी टीव्ही बंद केला, पण कानातला आवाज थांबायला बरेच महिने लागले.

नियम एकच: दुपारी चार ते सहा फोन फडताळात.

१२ डिसेंबर, गुरुवार

१० डिसेंबर १९४६ ची बैठक. कार्यपद्धतीची समिती नेमायची एवढाच विषय. त्यात झाशीचे धुळेकर हिंदुस्तानीत बोलायला उठले. अध्यक्षांनी सांगितलं की अनेकांना ही भाषा कळत नाही. त्यावर त्यांचं उत्तर असं की ज्यांना हिंदुस्तानी येत नाही त्यांना हिंदुस्तानात राहण्याचा अधिकार नाही. सभा सुरू होऊन दुसराच दिवस! आजच्या भांडणांची सुरुवात गेल्या दहा वर्षांतली, असं मी धरून चाललो होतो.

वाचताना नजर सारखी कंसांकडे जाते. टाळ्या, हशा, व्यत्यय हे सगळं वृत्तलेखकांनी कंसात नोंदवलंय. ते कोण होते हे पानावर कुठेच नाही. कोर्टातही निकालपत्रावर आमचं अस्तित्व म्हणजे कोपऱ्यातली दोन आद्याक्षरं. पण व्यत्यय कंसात टाकता येतो कधी, तर मुख्य बोलणारा एक असतो तेव्हाच. चौघं एकदम ओरडायला लागले तर जगातल्या कुठल्याही लघुलेखकाला त्याची नोंद घेता येणार नाही. मी टीव्हीवरच्या चर्चेची घेऊन पाहिली आहे. चौथ्या मिनिटाला पेन्सिल खाली ठेवली.

१७ डिसेंबर, मंगळवार

तारीख जुळवून आणली. १७ डिसेंबर १९४६, डॉ. आंबेडकरांचं सभेतलं पहिलं भाषण.

आदल्या दिवसापासून सांगायला हवं. नेहरूंनी १३ तारखेला उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेच नव्हते. १६ तारखेला बॅ. मु. रा. जयकरांनी दुरुस्ती सुचवली की लीगला आणि संस्थानांना येण्याची वाट पाहू, तोवर हा ठराव संमत करू नये. सभेला ते रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक आंबेडकरांचं नाव पुकारलं. आपल्या आधी वीस-बावीस नावं आहेत, आपली पाळी उद्या येईल, अशा समजुतीत ते होते. तयारी नव्हती, हे त्यांनी बोलूनही दाखवलं.

आणि मग ते म्हणाले की आज आपण राजकीय, सामाजिक, आर्थिक अशा सर्व बाजूंनी विभागलेले आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांसारखे, आणि अशाच एका छावणीच्या पुढाऱ्यांपैकी बहुधा मीही एक आहे. इथे मी पुस्तक मिटून अंगणात गेलो. देश दुभंगलाय असं म्हणणारे रोज ऐकतो, मीही म्हणतो. आपण स्वतः त्यातल्या एका बाजूचे आहोत हे त्याच दमात कबूल करणारा माणूस मी अलीकडे ऐकलेला नाही. मी स्वतः तसं कधी म्हटलेलं नाही.

पुढे त्यांनी जयकरांची बाजू घेतली. ठराव मांडण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्नच नाही. आत्ता तो रेटणं शहाणपणाचं आहे का, हे पाहा, असं सांगितलं. ठराव अखेर मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ ला, महिन्याभराने.

सार दोन पानांत बसलं नाही, चार झाली. होऊ देत.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नाझर आले होते.

हे लिहायला हवं, कारण कामाची रीतच आजपासून बदलली. ते आमच्या कोर्टात नाझर होते, म्हणजे पै-पैचा हिशोब, समन्स-वॉरंटांची बजावणी, बेलीफांच्या डायऱ्या. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना नाझरच म्हणतात आणि ते मला स्टेनो. ३७ वर्षांची ओळख. रोज पहाटे आम्ही टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत चढून जायचो, खाली सगळा सातारा दिसतो तिथे दहा मिनिटं बसायचो आणि उतरायचो. गेल्या वर्षी ७ मेला इथलं लोकसभेचं मतदान झालं, त्याच्या दोन दिवस आधी तिथेच बोलाचाली झाली. बोलता बोलता ते मला म्हणाले, "तुम्ही लोक असेच."

"तुम्ही" तर ते मला पहिल्यापासून म्हणत आलेत. त्यात पुढे "लोक" जोडलं आणि मी एकटा उरलोच नाही. जी माणसं मला ठाऊकसुद्धा नाहीत, त्यांच्यात मला नेऊन उभं केलं. मीही गप्प बसलो नाही. "तुमच्यासारख्यांमुळेच," असं मी म्हणालो, म्हणजे तेच केलं. दुसऱ्या दिवसापासून ते अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने जायला लागले आणि मी घरीच बसलो. आठ महिने.

आज ते पेन्शनच्या एका कागदासाठी आले. जुन्या बदलीची तारीख हवी होती आणि माझ्याकडे डायऱ्या असतात हे त्यांना माहीत. मी डायरी शोधायला आत गेलो. बाहेर त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि उभ्याउभ्या मोठ्याने वाचायला लागले. ही त्यांची नोकरीतली सवय, कुठलाही कागद हातात आला की मोठ्याने वाचायचा. मी बाहेर आलो तो हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. ते वाचत होते, मी घेत होतो. दहा-बारा मिनिटं. मग थांबले आणि म्हणाले, "आलं का सगळं?" मी वाचून दाखवलं. एक शब्द चुकला होता, तो त्यांनी सांगितला.

जाताना म्हणाले, "सोमवारी किती वाजता बसता?"

१३ जानेवारी, सोमवार

पहिल्याच बैठकीत खटका उडाला. वाचन झाल्यावर कालच्या एका बातमीवरून सुरू झालं आणि दोघांचेही आवाज चढले. "तुम्ही लोक" त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. माझ्याही तोंडात तसलंच काहीतरी होतं.

तेवढ्यात आठवलं. कोर्टात वकील एकमेकांशी बोलत नाहीत, न्यायाधीशांशी बोलतात. संविधान सभेतही प्रत्येक सदस्य अध्यक्षांना उद्देशून बोलतो, समोरच्याला नाही. मी ओसरीवरची वेताची खुर्ची ओढून मध्ये ठेवली आणि म्हणालो, "आता हिच्याशी बोला." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, सदऱ्याची बाही खाली केली आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांचं म्हणणं मला मान्य नाही. त्याची कारणं सांगतो." आणि खरोखर कारणं सांगितली, तीन. आठ महिन्यांपूर्वी त्यांतलं एकही माझ्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. दुसरं कारण वजनदार होतं. मला पटलं नाही, पण उत्तर द्यायला वेळ लागला.

"तुम्ही लोक" खुर्चीला म्हणता येत नाही.

वहीची मांडणीही आज ठरली. उजव्या पानावर बैठकीचं सार. डावं पान कोरं ठेवायचं. त्यावर ज्याला जे मान्य नाही ते त्याने स्वतः लिहायचं, खाली सही.

३ मार्च, सोमवार

उजव्या अंगठ्याचा सांधा धरलाय. पिटमनच्या लघुलिपीत प आणि ब यांना रेघ एकच. हलकी ओढली तर प, दाबून ओढली तर ब. ट-ड, क-ग, सगळ्या जोड्या तशाच. अंगठा दाब देत नाही, त्यामुळे सगळं हलकंच उमटतं आणि उतरवताना घोटाळा होतो. पूर्वी मिनिटाला १२० शब्दांचा वेग होता, आता नाझरांना ६० वर यायला सांगितलं.

६० ला वाचल्यावर एक गोष्ट कळली, ती नोकरीत असताना वेगामुळे कधी कळली नव्हती. ही माणसं "परंतु" फार उशिरा म्हणत. आधी चार वाक्यं समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्यातलं मान्य काय ते सांगायचं आणि मग पाचव्या वाक्यात वळायचं. घाईत वाचलं तर वाटतं, बोलणारा त्याच बाजूचा आहे. आजची चित्रफीत कापतात ती बहुतेक त्या "परंतु"च्या आधी नाहीतर नंतर. तेवढा तुकडा हजारो लोकांकडे जातो, माझ्याकडेही येतो, आणि मी तो पुढे पाठवत होतो. कुटुंबाच्या ग्रुपवर मी पाठवलेल्या अशा एका तुकड्यावरून धाकटा भाऊ ग्रुप सोडून गेला. आज त्याला फोन केला. तुकड्याबद्दल काही बोललो नाही, गुडघ्याची चौकशी केली. अर्धा तास बोलला.

२७ मार्च, गुरुवार

जुलै १९४७ पर्यंत आलो. जयकरांनी राजीनामा दिला होता. आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते, फाळणीमुळे ते सदस्यत्व गेलं. राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेरांना ३० जून १९४७ ला पत्र लिहून आंबेडकरांना तातडीने निवडून पाठवायला सांगितलं आणि ते आले ते जयकरांच्याच रिकाम्या जागेवर. डिसेंबरात सभेचा रोष पत्करून ज्यांची बाजू घेतली, त्यांचीच जागा. नाझरांनी हे डाव्या पानावर लिहून ठेवलं. मतभेद नसताना डाव्या पानावर काही लिहिलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

१५ एप्रिल, मंगळवार

सहावं सत्र एकाच दिवसाचं आहे, २७ जानेवारी १९४८. तिसऱ्या दिवशी गांधीजींची हत्या झाली. पुढची बैठक थेट ४ नोव्हेंबर १९४८ ची. पुस्तकात मध्ये काहीच नाही, पान उलटलं की नोव्हेंबर.

नाझरांनी पान उलटलं नाही. बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "स्टेनो, तुमचं गावातलं घर त्याच वेळी गेलं ना?"

हो, त्याच वेळी. फेब्रुवारी १९४८. हत्या करणारा ब्राह्मण, म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्यात आमच्या आजोबांचंही होतं. पुढे कुळकायद्यात जमीन गेली आणि आम्ही साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलो. घरात ही गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जायची आणि ती सांगताना आजीचा आवाज खाली यायचा. जाळणारे कोण, तर "ते लोक". आत्ता लिहिताना हात थांबला. हे दोन शब्द मी इतक्या लहानपणापासून ऐकत आलोय.

मी विचारलं, "तुमच्याकडे काय सांगायचे?"

त्यांचे वडील तेव्हा बारा वर्षांचे. त्यांच्या गावातही एक वाडा पेटला होता आणि सगळं गाव बघायला गेलं होतं, तेही गेले. त्या वाड्यातल्या बाईंकडे ते अक्षरं गिरवायला जायचे. बाई मागच्या दाराने निघाल्या तेव्हा हातात फक्त पाण्याची कळशी होती आणि ती कुणीतरी हिसकावून घेतली. वडिलांनी पुढे सगळ्या मुलांना शिकवलं, पण त्या वाड्याच्या जागेवरून कधी गेले नाहीत, लांबून वळसा घालून जायचे. आणि त्याच वडिलांनी हेही सांगितलं होतं की त्या वाड्यातल्या सावकारीपायी आजोबांची दोन शेतं गेली होती. दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी सांगायचे, एकीने दुसरी खोडायचे नाहीत.

३७ वर्षांत हे आमच्यात कधी निघालं नव्हतं. चार भिंतीवर बसून आम्ही दिल्लीवर भांडलो, आणि हे चार कोसांवरचं तसंच राहिलं होतं.

आज सार लिहिलं नाही. उजव्या पानावर फक्त तारीख.

२४ एप्रिल, गुरुवार

चूक माझी. ती जशी झाली तशी लिहितो.

४ नोव्हेंबर १९४८ ला आंबेडकरांनी मसुदा सभेपुढे ठेवला तेव्हा त्यात ३१५ कलमं होती. त्या भाषणात गावगाड्याबद्दल ते फार कडक बोलले: खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीय वृत्तीचं ठिकाण. पुढचे कितीतरी दिवस सदस्य त्यावर तुटून पडले. हरि विष्णू कामतांनी दुसऱ्याच दिवशी हरकत घेतली. मी सार लिहिताना आंबेडकरांना दीड पान दिलं आणि हरकत घेणाऱ्यांना मिळून एक ओळ: "काही सदस्यांनी ग्रामजीवनाचा गौरव केला."

नाझरांनी ती ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे वृत्त नाही. हा निकाल आहे."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते बरोबर होतं. खेड्याबद्दल माझं मत कुठून आलंय ते पंधरा तारखेला आम्ही दोघांनी पाहिलं होतं आणि त्यांचं मत कुठून आलंय तेही. ३४ वर्षांत साक्षीदाराचा एक शब्द मी माझ्या पदरचा घातला नाही, आणि इथे माझ्यावर कुणी न्यायाधीश नाही म्हटल्यावर लगेच घातला.

पान फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली, सही केली, पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिताना २२ नोव्हेंबरपर्यंत वाचत गेलो. त्या दिवशी के. संथानम यांनी ग्रामपंचायतींचं नवं कलम सुचवलं, आणि खेड्यांबद्दल इतकं कडक बोललेले आंबेडकर उठून एवढंच म्हणाले की मला ही दुरुस्ती मान्य आहे. तेच आज संविधानातलं कलम ४०. त्यांनी मत बदललं असं कुठेही म्हटलेलं नाही. बहुतेक बदललंही नसेल. सभेला काय हवंय ते त्यांनी ऐकलं आणि वाट मोकळी करून दिली.

१ जुलै, मंगळवार

क्रम मोडला. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय परवा, २९ तारखेला, सरकारने रद्द केले. गेले दोन महिने हाच विषय होता, म्हणून नाझरांच्या आग्रहाने १२ ते १४ सप्टेंबर १९४९ वाचायला घेतलं. भाषेचा प्रश्न. आकडे देवनागरी हवेत की आंतरराष्ट्रीय, यावर तर सभा अशी तापली की संपूर्ण राष्ट्र त्या नऊ आकड्यांवर आणि एका शून्यावर उभं आहे असं वाटावं. शेवटी कलम ३४३ मध्ये लिपी देवनागरी आणि शासकीय कामासाठी आकडे आंतरराष्ट्रीय, असं ठरलं.

या विषयात आम्ही दोघं एका बाजूला. दोघांनाही बरं वाटलं, चहा दोनदा झाला. पण वही उघडून पाहिली तर तीन दिवसांच्या चर्चेचं सार जेमतेम एक पान आणि डावं पान कोरं. विरुद्ध बाजूच्या सदस्यांचं म्हणणं दोघांनीही नीट ऐकलेलं नाही. क्रमाने तिथे पोहोचू तेव्हा हे पुन्हा करायचं, अशी खूण घातली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

भाग पहिला आणि दुसरा एका वाचनालयात द्यायला गेलो होतो. तिथल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, त्यांना उपयोग होईल म्हणून. वह्या चाळून उत्तर मिळालं की काम चांगलं आहे, पण डावी पानं काढून द्या, राजकारण नको. मी म्हणालो की डाव्या पानांशिवाय हे अर्धं आहे. त्यांनी हात जोडले. त्यांचीही अडचण मला समजते. हल्ली कशावरून कोण येऊन उभं राहील सांगता येत नाही. तरी मन खट्टू झालं. देशाचं संविधान ज्या मतभेदांतून झालं ते वाचायला चालतं, दोन म्हाताऱ्यांचे सही केलेले मतभेद चालत नाहीत.

वह्या परत आणल्या. अभ्यासिकेतला एक मुलगा जिन्यापर्यंत मागे आला. घरी येऊन वाचलं तर चालेल का, म्हणाला. रविवारी ये म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नाझरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर वाचन बंद. म्हणून आता वाचायचं मी, ऐकायचं त्यांनी आणि सार त्यांनी तोंडी सांगायचं, मी लिहून घ्यायचं. माझा एक शब्दही न घालता. मला ही रीत आवडली. पुन्हा नोकरीवर गेल्यासारखं वाटतं.

बाहेर नगरपालिकेच्या निवडणुकीचे भोंगे फिरताहेत, खिडकी लावून घ्यावी लागते.

आज १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिकेच्या सुरुवातीला "ईश्वराच्या नावाने" हे शब्द घालावेत, अशी कामतांची दुरुस्ती. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवणी केली की देव हा विषय मताला टाकायला लावू नका. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला: श्रद्धेची गोष्ट कुणावर लादता येत नाही. कामत मागे हटले नाहीत. मतं मोजली गेली, बाजूने ४१, विरुद्ध ६८. कामत म्हणाले, हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो.

नाझर पट्टी बांधलेल्या डोळ्याने भिंतीकडे बघत ऐकत होते. म्हणाले, "डाव्या पानावर लिहा. माझं मत ४१ मध्ये." मी लिहिलं आणि खाली माझं लिहिलं, ६८ मध्ये. त्यांनी अंदाजाने सही केली, ती ओळीच्या बरीच वर गेली.

मग त्यांनी विचारलं, "पुढच्या बैठकीला कामत आले का हो?"

पुढची पानं उलटली. आले होते. पुन्हा पुन्हा उभे राहिलेले आहेत, दुरुस्त्या सुचवताहेत.

१५ डिसेंबर २०२५, सोमवार

२५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. दोन दिवस लागले, आज पुरं केलं. नाझरांना आता दिसतं, तरी वाचा म्हणाले.

आंबेडकरांनी त्या दिवशी हिशोब दिलाय: ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आणि मग आभार. पक्षाची शिस्त सगळ्यांनी निमूट पाळली असती तर ही सभा कंटाळवाणी झाली असती, काही बंडखोर होते म्हणून तत्त्वं स्पष्ट करण्याची संधी मिळाली, असं म्हणून त्यांनी नावं घेतली. पहिलं नाव कामतांचं, दुसरं पंजाबराव देशमुखांचं. कामतांचं नाव आलं तशी नाझरांनी टेबलावर दोनदा थाप मारली. सारात मी ती कंसात घेतली.

पुढचा भाग साताऱ्यात बसून वाचताना जड जातो. शिवाजी महाराज हिंदूंच्या मुक्तीसाठी लढत असताना इतर मराठे सरदार आणि रजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते, हे सांगून त्यांनी विचारलं की आता पक्ष आपापला पंथ देशापेक्षा वर ठेवतील का? ठेवला, तर स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल. मी थांबलो. दोघांनी कागदावर आपापलं लिहिलं, एकमेकांना न दाखवता. नंतर डाव्या पानावर उतरवताना पाहिलं, दोघांनी एकेका पक्षाचं नाव लिहिलं होतं. त्यांनी माझ्या, मी त्यांच्या. दोन्ही नावं पानावर आहेत, सह्यांसकट. खुर्चीशी बोलून सव्वा तास गेला. कुणी आपलं नाव खोडलं नाही. मी त्यांच्या पुराव्यांतला एक मान्य केला आणि तसं लिहून दिलं. त्यांनी माझे दोन मान्य केले, तिसऱ्यावर उद्या बोलतो म्हणाले.

सकाळी चार भिंतीला गेलो होतो. ते मध्ये दोनदा थांबले, मीही थांबलो.

आता दोनच बैठका राहिल्या: २६ नोव्हेंबर १९४९, संविधान स्वीकारलं तो दिवस, आणि सह्यांचा दिवस, २४ जानेवारी १९५०. सह्यांची बैठक छोटी आहे, दोन पानांत होईल. मग सूची करायची. रविवारी येणारा मुलगा म्हणतो, विषयवार हवी, नावांनी केली तर शोधता येत नाही. नाझर म्हणतात, डाव्या पानांचीही सूची हवी, कोण कुठे कुठल्या बाजूला होतं ते सापडलं पाहिजे. उद्या कोऱ्या वहीला समास आखून घेतो. अ पासून न पर्यंत मी, प पासून पुढे नाझर.